आगोट आणि संगणक-बिघाड

संगणकीय यंत्रणा कोलमडून वीज, बँक, फोन आणि वाहतूक एकाच वेळी अडली, तरी घर काही दिवस आपल्या बळावर चालावे यासाठी आधी करून ठेवायच्या तजविजीविषयी हे टिपण. कोकणात तिची निम्मी तयारी जुन्या रिवाजातच आहे. आगोट म्हणजे पावसाळा तोंडावर आल्याचे दिवस. त्याआधी उकडे तांदूळ, कुळीथ, सुकट, आमसुले, खडे मीठ भरायचे आणि पडवीत लाकडे रचायची. मासेमारी बंद, वाट बंद, हे इथे गृहीतच असते.

वर्ष दोनच अंकांत नोंदवल्याने २००० हे १९०० समजले जाईल, या धास्तीने १९९९ मध्ये अमेरिकेत अनेकांनी डबाबंद अन्न आणि जनरेटर साठवले. प्रोग्रॅम वेळेत दुरुस्त झाल्यामुळे मोठा अनर्थ टळला. १९ जुलै २०२४ रोजी मात्र एका सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि भारतातल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. कोकणी घराला जवळची घटना त्याच महिनाअखेरची. रॅन्समवेअर (संगणक अडवून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर) हल्ल्यानंतर देशातल्या सुमारे ३०० लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांचे व्यवहार तात्पुरते अडले. गावातल्या पुष्कळांचे खाते अशाच बँकेत असते.

३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ हा संगणक-बिघाड नव्हे, पण परिणाम तोच झाला. श्रीवर्धन, दापोली भागात वीज आणि मोबाइल कित्येक दिवस गेले. अशा वेळी भरलेली कोठी पुरते. अडते ते पैशावर आणि पाण्यावर. चाकरमान्याने मुंबईहून पाठवलेली रक्कम फोनमध्येच राहते, म्हणून दहा-पन्नासच्या नोटा घरात हव्यात. पाचशेची नोट वाण्याला मोडता येत नाही. विहीर परसात असली तरी पंप विजेवर चालतो आणि रहाट कधीच मोडीत गेलेला असतो. तेव्हा दोरी, कप्पी आणि पोहरा नीट आहेत ना, हे एकदा पाणी ओढूनच पाहावे. रोजच्या गोळ्या महिनाभराच्या, नोंदी भरून आणलेले पासबुक, सातबाऱ्याची छापील प्रत, वहीत लिहिलेले फोन नंबर आणि सेलवरचा रेडिओ एवढी भर पुरे. जनरेटरचा सोस बहुतेक घरांना नको.

खाऱ्या, दमट हवेत सेल गंजतात, काड्यापेट्या सादळतात, नोटांना बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा हवाच; काड्यापेटी तांदळात खुपसून ठेवण्याची जुनी युक्तीही चालते.

आगोट पंचांगावर कळते, बिघाड कळत नाही. एकाची तारीख मात्र ठरलेली आहे. वेळ ३२ बिटांच्या आकड्यात साठवणाऱ्या जुन्या यंत्रणांमधली सेकंदांची मोजणी, आकड्यातली जागा संपल्यामुळे, १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी संपते. तोवर दुरुस्त न झालेली यंत्रे चुकीची तारीख दाखवतील. त्या महिन्यात नवे भात घरात आलेले असते, पण सुकटीचा डबा तळाला गेलेला असतो.