आईच्या आहारातील साखर आणि मुलांचे आरोग्य : पार्श्वभूमी

१९२२ मध्ये इन्सुलिनचा उपचार सुरू झाल्यानंतर मधुमेही स्त्रिया गरोदरपण निभावून नेऊ लागल्या, आणि त्यांची बाळे बहुधा वजनाने जास्त भरतात, हे डॉक्टरांच्या ध्यानात आले. डेन्मार्कचे यॉर्गन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात याची मीमांसा केली. आईच्या रक्तातील ग्लुकोज वारेतून गर्भापर्यंत पोहोचते, तिचे इन्सुलिन मात्र पोहोचत नाही. त्यामुळे गर्भाचे स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन तयार करते आणि बाळाच्या अंगावर चरबी साठते.

हा परिणाम पुढे आयुष्यभर टिकतो की मुलाला केवळ आनुवंशिकता भोवते, हा प्रश्न बराच काळ अवघड होता. अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या पिमा या मूलनिवासी समाजात सख्ख्या भावंडांची तुलना झाली, तिचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. आईला मधुमेह जडण्यापूर्वी जन्मलेल्या मुलांपेक्षा त्यानंतर जन्मलेल्या मुलांमध्ये मधुमेहाचे प्रमाण बरेच अधिक आढळले. आईवडील तेच असल्याने केवळ आनुवंशिकतेवर बोट ठेवणे शक्य राहिले नाही, म्हणूनच हा पुरावा मला विशेष मोलाचा वाटतो.

तरीही हे सारे रक्तातील ग्लुकोजविषयी होते. ते पिष्टमय पदार्थांतूनही वाढते आणि शरीराच्या इन्सुलिन-प्रतिसादावरही अवलंबून असते, त्यामुळे प्रत्यक्ष खाल्लेल्या साखरेचा दोष त्यावरून सिद्ध होत नव्हता. आणि गरोदर स्त्रियांना मुद्दाम जास्त साखर खाऊ घालून तो तपासणे कोणत्याही नीतीत बसणारे नाही.

ही अडचण ब्रिटनच्या रेशनिंगने बऱ्याच अंशी दूर केली. महायुद्धात, जानेवारी १९४० मध्ये, तेथे साखरेचे रेशनिंग सुरू झाले होते. सप्टेंबर १९५३ मध्ये ते उठताच साखरेचा खप लगोलग जवळजवळ दुप्पट झाला. या बदलाच्या अलीकडे-पलीकडे आईच्या पोटात आलेल्या व्यक्तींची ‘यूके बायोबँक’ या ब्रिटनमधील आरोग्यविषयक माहितीच्या मोठ्या संग्रहातील माहिती ताडून पाहणारा अभ्यास २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. गर्भधारणेपासूनचे पहिले १,००० दिवस रेशनिंगच्या काळात गेलेल्यांमध्ये टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता. ज्यांना हे आजार झाले, त्यांनाही ते अनुक्रमे चार आणि दोन वर्षे उशिरा झाले. मात्र या लाभाचा सगळा भार गरोदर आईवर टाकणे अन्यायाचे होईल, कारण गर्भावस्थेतील रेशनिंगचा त्यातील वाटा सुमारे एक तृतीयांश होता. उरलेला लाभ जन्मानंतरचा, विशेषतः सहा महिन्यांनंतर बाळाला वरचे अन्न सुरू होते त्या काळातील होता.