स्टिंग

स्टिंग (मूळ नाव गॉर्डन मॅथ्यू थॉमस समनर, जन्म २ ऑक्टोबर १९५१) : ब्रिटिश पॉप-रॉक गायक, बेस गिटारवादक (बेस म्हणजे खर्जातल्या स्वरांची गिटार), गीतकार आणि संगीतकार. ‘द पोलीस’ या तिघांच्या बँडमुळे ते जगभर पोचले आणि १९८५ पासून स्वतःच्या नावाने गात आहेत. रॉकमध्ये बेस वाजवता वाजवता मुख्य गायनही करणारे कलाकार मोजकेच आहेत. हात एका लयीत आणि गळा दुसऱ्याच लयीत चालवायचा, हे काम सोपे नाही. स्टिंग यांच्या गाण्यांची घडण याच दुहेरी कामातून झाली आहे. त्यांना नुसते गायक म्हणून ऐकले, तर अर्धे गाणे निसटते.

इंग्लंडच्या ईशान्येला, न्यूकॅसलजवळच्या वॉल्सेंड या गावात त्यांचा जन्म झाला. रोमनांनी बांधलेली हेड्रियनची भिंत येथे संपते, म्हणून गावाचे नाव वॉल्सेंड. ‘स्वॉन हंटर’ची जहाजगोदी घराच्या अगदी जवळ होती. बांधकाम चालू असलेले जहाज गल्लीच्या टोकाशी इतके उंच उभे राही की ऊन अडे. वडील दूध घालत, आई केशरचनाकार होती. पहाटे वडिलांबरोबर दुधाच्या फेरीला जाणे हे लहान गॉर्डनचे काम. एका जहाजाच्या जलावतरणासाठी राजमाता आल्या, तेव्हा गाडीतून जाताना त्यांनी आपल्याकडे पाहिले आणि या गल्लीत आपल्याला राहायचे नाही हे त्याच क्षणी मनात पक्के झाले, असे स्टिंग सांगतात. पहिले वाद्य होते गंजक्या तारांची जुनी गिटार.

बसकंडक्टर, मजूर, करखात्यातला कारकून असे करत त्यांनी शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि क्रॅमलिंग्टन येथील शाळेत लहान मुलांना शिकवले. संध्याकाळी मात्र जॅझ. फिनिक्स जॅझमेन, न्यूकॅसल बिग बँड, लास्ट एक्झिट या स्थानिक मंडळींत त्यांचा हात तयार झाला. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या स्वेटरमुळे ते गांधीलमाशीसारखे दिसतात, असे एका सहकाऱ्याला वाटले आणि ‘स्टिंग’, म्हणजे डंख, हे नाव चिकटले. जॅझमधल्या या उमेदवारीकडे चरित्रांत घाईने पाहिले जाते, पण पुढच्या कामाची गुरुकिल्ली तिथेच आहे.

१९७७ मध्ये ते लंडनला आले. स्ट्युअर्ट कोपलंड या अमेरिकन ड्रमवादकाने ‘द पोलीस’ची जुळवाजुळव केली, पहिला गिटारवादक हेन्री पॅडोवानी लवकरच बाहेर पडला आणि त्याच्या जागी अँडी समर्स आले. लंडनमध्ये तेव्हा पंकचा, म्हणजे ओबडधोबड, बंडखोर रॉकचा जोर होता. हे तिघे वाद्यांवर पुरेपूर हुकमत असलेले वादक, तरी सुरुवातीला पंकचाच वेश घालून उभे राहिले. त्यांचे स्वतःचे असे काही सापडले ते जमैकाच्या रेगे संगीतात. रेगेमध्ये मात्रांची पहिली जागा अनेकदा रिकामी सोडतात आणि खर्जातला बेस गाण्याचा नायक होतो. स्टिंग यांनी हेच उचलले. ‘रॉक्झॅन’ (१९७८) मध्ये बेस सलग वाहत नाही, थांबत थांबत येतो आणि त्या मोकळ्या जागेत उंच, किंचित खरखरीत आवाज शिरतो. ‘वॉकिंग ऑन द मून’ (१९७९) मधले बेसचे काम तर जेमतेम काही स्वरांचे आहे. इतक्या थोडक्या सामग्रीवर आख्खे गाणे तोलून धरणे, हे मला त्यांच्या वादनातले सर्वांत मोठे कौशल्य वाटते. बेस ‘सी’ वाजवत नाही तोवर तो ‘सी’ कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) होत नाही, या अर्थाचे त्यांचे विधान प्रसिद्ध आहे. वर कोणी काहीही वाजवो, त्याचा अर्थ खालचा स्वर ठरवतो.

मार्च १९८० मध्ये जगाच्या दौऱ्यावर असताना ‘द पोलीस’ मुंबईत आले. कुलाब्याच्या होमी भाभा सभागृहातला तो कार्यक्रम टाइम अँड टॅलेंट्स क्लब या महिलांच्या सेवाभावी संस्थेने आयोजित केला होता. पाश्चात्त्य बँड ऐन बहरात असताना मुंबईला येणे त्या काळी अपूर्वाईचे होते. पुढे १९८८ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या मानवी हक्क दौऱ्यानिमित्त स्टिंग दिल्लीतही गायले.

१९७८ ते १९८३ या काळात बँडचे पाच अल्बम आले आणि पाच गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ (१९८३) अमेरिकेत आठ आठवडे अग्रस्थानी राहिले. लोक ते प्रेमगीत समजून लग्नात वाजवतात. शब्द नीट ऐकले तर ते पाळत ठेवणाऱ्या, मत्सराने पछाडलेल्या माणसाचे बोल आहेत. त्यातला बेस एकसारखा, न डगमगता चालतो आणि गाण्यातली नजर हटत नाही ही भावना त्यानेच ठसते. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे सत्तर हजार लोकांपुढे गाताना, याहून वर जाण्यासारखे काही उरले नाही असे स्टिंग यांना वाटले. तिघांमधली भांडणेही टोकाला गेली होती. १९८४ नंतर बँड थांबला. २००७-०८ मध्ये ते पुन्हा एकत्र आले, ते एका दौऱ्यापुरते.

पहिल्या एकल अल्बमसाठी (१९८५) त्यांनी ब्रॅनफर्ड मार्सालिस, केनी कर्कलंड अशा जॅझ वादकांना बोलावले, बेस डॅरिल जोन्स यांच्याकडे सोपवला आणि स्वतः गिटार घेतली. पुढे ते बेसकडे परतले. १९९३ च्या ‘टेन समनर्स टेल्स’मध्ये ‘फील्ड्स ऑफ गोल्ड’ आणि गिटारवादक डॉमिनिक मिलर यांच्यासोबत रचलेले ‘शेप ऑफ माय हार्ट’ ही गाणी आहेत. याच अल्बममधले ‘सेव्हन डेज’ पाच मात्रांचे आहे, तर ‘लव्ह इज स्ट्राँगर दॅन जस्टिस’च्या कडव्यांत सात मात्रांची चाल आहे. झपताल-रूपक कानावर असलेल्या मराठी श्रोत्याला त्यात अवघड काही वाटणार नाही. पॉपच्या चार मात्रांच्या चौकटीत मात्र हे धाडस होते. नंतर ‘डेझर्ट रोझ’मध्ये अल्जीरियाचे गायक शेब मामी, २००३ च्या अल्बममध्ये अनुष्का शंकर यांची सतार आणि २००६ मध्ये सोळाव्या-सतराव्या शतकातील संगीतकार जॉन डाउलंड यांची ल्यूट या जुन्या तंतुवाद्यावरची गीते, अशी त्यांची भटकंती चालू राहिली. काही समीक्षकांना हे अति वाटते. मला ती न्यूकॅसलच्या जॅझ मंडळींत लागलेली सवय दिसते.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आई-वडील थोड्याच अंतराने गेले आणि स्टिंग यांचे लिखाण दीर्घकाळ अडले. जे बाहेर पडले तो ‘द सोल केजेस’ (१९९१) हा अल्बम : गोदी, नदी, समुद्र आणि मुलगा-बाप. ज्या गल्लीतून ते पळाले, तीच परत आली. वडिलांसाठीचे हे शोकगीतच आहे. नॉर्थम्ब्रियन पाइप्स हे तिथले लोकवाद्य त्यात वाजते. हाच धागा पुढे ‘द लास्ट शिप’ या संगीत नाटकात आला. बंद पडणारी गोदी आणि अखेरचे जहाज स्वतःसाठी बांधणारे कामगार, असा त्याचा विषय. ते २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. तिकिटे खपेनात म्हणून स्टिंग स्वतः भूमिका करू लागले, तरी जानेवारी २०१५ मध्ये ते बंद झाले. २०१८ मध्ये त्याचा ब्रिटनचा दौरा न्यूकॅसलमधूनच सुरू झाला.

स्टिंग यांना सतरा ग्रॅमी पुरस्कार मिळाले. पत्नी ट्रूडी स्टायलर यांच्यासह त्यांनी ॲमेझॉनच्या जंगलासाठी व तेथील आदिवासींसाठी रेनफॉरेस्ट फाउंडेशन उभारली. २०२२ मध्ये त्यांनी आपल्या गीतांचे प्रकाशन हक्क युनिव्हर्सल कंपनीला विकले. २०२४ मध्ये मिलर यांची गिटार, ख्रिस मास यांचे ड्रम आणि स्वतःचा बेस अशा तिघांच्याच संचासह ते ‘३.०’ या नावाने दौऱ्यावर निघाले. हातात तोच १९५० च्या दशकातला, रंग उडालेला फेंडर प्रिसिजन बेस.