सुट्या भागांचा आयएमडीएस: पात्रता, कागदपत्रे आणि भरण्याची रीत

चाकण, भोसरी किंवा वाळूजच्या कारखान्यातून वाहन कंपनीला नवा पार्ट द्यायचा, तर पीपॅपच्या (पार्टला मंजुरी घेण्याची प्रक्रिया) फाइलमध्ये बहुतेक वेळा आयएमडीएसचा, म्हणजे पार्टमधल्या पदार्थांच्या ऑनलाइन नोंदीचा, क्रमांक मागतात. पीएसडब्ल्यूवर (पार्टसोबत द्यायचे हमीपत्र) त्यासाठी वेगळा रकानाच आहे. पार्ट मापात चोख असला तरी हा क्रमांक नसेल, तर मंजुरी अडकू शकते. म्हणून ड्रॉइंग हातात येताच हे काम सुरू करा.

आयएमडीएस ही वाहन कंपन्यांनी २००० साली उभारलेली ऑनलाइन नोंदवही. आज ती डीएक्ससी टेक्नॉलॉजी चालवते. तिच्यामागे मोडीत निघणाऱ्या वाहनांविषयीचा युरोपीय संघाचा २०००/५३ हा निर्देश आहे. त्यानुसार शिसे, पारा आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचे विषारी रूप) ०.१ टक्क्यापर्यंत चालते, कॅडमियम ०.०१ टक्क्यापर्यंत. ही मर्यादा अख्ख्या पार्टच्या वजनावर मोजत नाहीत, प्रत्येक एकजिनसी पदार्थावर मोजतात. बोल्टवरचा काही मायक्रॉनचा प्लेटिंगचा थरही स्वतंत्र पदार्थ धरला जातो. बहुतेकांची गफलत इथेच होते.

कोण नोंदवू शकतो

वाहनासाठी पार्ट, कच्चा माल किंवा लेप पुरवणारी कोणतीही फर्म नोंदवू शकते. दोन मशिनचे वर्कशॉपही. पुरवठादाराला फी नाही. नोंदणीला कंपनीचे नाव, पत्ता, संपर्क व्यक्ती आणि कंपनीचा ई-मेल लागतो. आधी आपली कंपनी यादीत आहे का ते शोधा, नाहीतर एकाच फर्मची दोन खाती होतात. ॲडमिन किमान दोघे ठेवा. एकटा ॲडमिन नोकरी सोडून गेला की खाते अडकून बसते.

हाताशी काय ठेवायचे

ताज्या बदलासह ड्रॉइंग, प्रत्यक्ष काट्यावर घेतलेले वजन, बीओएम (पार्टमध्ये लागणाऱ्या भागांची यादी), मिल टेस्ट सर्टिफिकेट (धातूच्या तपासणीचा दाखला), प्लॅस्टिकचा ग्रेड, लेपाची जाडी आणि ग्राहकाचा कंपनी आयडी, पार्ट नंबर व सप्लायर कोड. खालच्या पुरवठादाराकडून पीडीएफ नको, आयएमडीएसमधलीच एमडीएस (मटेरियल डेटाशीट) मागा. ती आली की आपल्या शीटच्या झाडाला, म्हणजे पार्टच्या घटकांच्या फांद्यांसारख्या मांडणीला, जोडायची, एवढेच उरते. ती मिळायलाच सर्वांत जास्त वेळ जातो, म्हणून खरेदीच्या ऑर्डरमध्येच अट घाला.

झाड कसे बांधायचे

वर कंपोनंट, त्याखाली मटेरियल, त्याखाली मूळ पदार्थ कॅस क्रमांकासह (प्रत्येक रसायनाचा ओळख क्रमांक). दोन पितळी इन्सर्ट असलेला नायलॉनचा ब्रॅकेट घ्या. ब्रॅकेटखाली इन्सर्ट (नग २) आणि पीए६६-जीएफ३० हा नायलॉन येईल. जीएफ३० म्हणजे ३० टक्के काचतंतू. ते वेगळे दाखवा. इन्सर्ट सीयूझेडएन३९पीबी३ या शिसेयुक्त पितळाचे असतील, तर शिसे सुमारे ३ टक्के. तांब्याच्या मिश्रधातूंना ४ टक्क्यांपर्यंत सूट आहे, पण त्या सुटीचा ॲप्लिकेशन कोड निवडावाच लागतो. शिसे जून २०१८ पासून रीच या युरोपीय रसायन कायद्याच्या अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीतही आहे. प्लॅस्टिक पार्ट १०० ग्रॅमपेक्षा जड असेल, तर त्यावर प्लॅस्टिकचा प्रकार सांगणारी आयएसओची खूण आहे का, हेही नोंदवायचे असते.

पदार्थांची बेरीज १०० टक्के हवी. गोपनीय किंवा ‘इतर’ म्हणून झाकता येते ते फार तर १० टक्के. आणि गॅड्सल यादीतला (वाहन उद्योगात जाहीर करणे बंधनकारक असलेल्या पदार्थांची यादी) पदार्थ त्याआड लपवता येत नाही.

डेटाशीट परत का येते

पेंटमधला सॉल्व्हंट नोंदवलेला असतो. तो भट्टीत उडून जातो, आणि नोंद तयार पार्टची करायची असते. प्लेटिंगबाबतही तसेच: बाथमधले (प्लेटिंगच्या टाकीतल्या द्रावणातले) क्रोमियम ट्रायऑक्साइड लिहायचे नाही, थरात जे उरते ते लिहायचे. पण जुन्या पिवळ्या पॅसिव्हेशनमध्ये (प्लेटिंगवरचा गंजरोधक थर) हेक्साव्हॅलंट क्रोमियम खरोखर उरते, तेव्हा प्लेटरकडून ट्रायव्हॅलंट क्रोमियमच वापरल्याची लेखी खात्री घ्या. काट्यावरचे वजन आणि झाडाची बेरीज जुळत नाही, हे दुसरे नेहमीचे कारण. प्लेटिंग, ग्रीस, लेबल विसरले की असे होते.

पाठवण्याआधी ‘चेक’ चालवा; लाल चुका सुधारल्याशिवाय शीट पुढे जात नाही, पिवळ्या इशाऱ्यांकडेही लक्ष द्या. ग्राहकाने शीट स्वीकारली की ती बदलता येत नाही. त्याच पार्टचे मटेरियल बदलले तर नवी व्हर्जन काढा. पार्टच वेगळा असेल तर कॉपी करून नवा आयडी घ्या.