ऑटोमॅटिक गाडीत घाट उतरताना ‘डी’ (ड्राइव्ह) सोडायचा नाही?

‘ऑटोमॅटिकमध्ये हाताने गिअर खाली घेतला की गिअरबॉक्स जातो,’ हे वर्षानुवर्षं ऐकतोय. हे चूक आहे. ‘एम’ (हाताने गिअर बदलायला) किंवा ‘एल’ (खालच्या गिअरसाठी) दिलेलं असतं तेच यासाठी. वेग फार असेल, तर आजच्या गाड्यांचा संगणक खालचा गिअर सहसा घेतच नाही. इंजिन जपलं जातं.

खरा धोका वेगळा. आंबोलीसारखा घाट सतत ब्रेक दाबून उतरलात, तर पॅड तापतात, पकड सुटत जाते. ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल थेट खाली जातं. म्हणून उताराच्या आधीच गिअर खाली घ्या, म्हणजे इंजिनच गाडीला रोखून धरतं. इंजिनचा आवाज वाढेल, घाबरू नका. पेट्रोलही जळत नाही: पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत (आजच्या गाड्या तशाच) इंधनाचा पुरवठा तुटतो. न्यूट्रलमध्ये मात्र ते जळतच राहतं.