जाड रंग म्हणजे टिकाऊ पाइप? नाही

तापी-गिरणा काठच्या उपसा सिंचनाच्या कामांवर एक समज जुना आहे: गंजावरूनच रेड ऑक्साइडचे दोन-तीन जाड हात मारले की पाइपकडे बघायला नको. पण तो रंग गंजाला चिकटतो, पोलादाला नाही. गंज सुटला की पापुद्र्यासारखा निघतो.

खरं काम रंगाआधीचं. तेल-ग्रीस काढून ब्लास्टिंगने (जोराच्या हवेने खडे-कण मारून) एसए २½ दर्जापर्यंत, म्हणजे पोलाद जवळजवळ पांढरं दिसेपर्यंत, साफ करायचं, ५० ते ७५ मायक्रॉन खडबडीतपणा ठेवायचा आणि ४ तासांच्या आत पहिला हात मारायचा. वायर ब्रशने चकाकी येते, अशी पकड येत नाही. पाइपचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते) किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त हवं. पौषातल्या सकाळी नदीकाठी घाई नकोच. द्रावकवाला इपॉक्सी (दोन घटक मिसळून लावायचा रंग) एका हातात जाड थापला तर द्रावक आत अडकतो, फोड येतात.

त्यात आपली काळी माती! पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, लेप ओढते. म्हणून पाइपभोवती वाळू भरा. त्याआधी हॉलिडे टेस्टर, म्हणजे लेपातली छिद्रं विजेने शोधणारं यंत्र, फिरवा, वेल्डिंगच्या सांध्यांवर जरा जास्तच सावकाश. सुईएवढं छिद्र राहिलं तरी गंज तिथेच खोल उतरतो. त्यासाठी जोडीला कॅथोडिक संरक्षण, म्हणजे पाइपला बारीक विद्युतप्रवाह देऊन गंज रोखणं, लागतं: तांबे-मोरचूद इलेक्ट्रोडने मोजलेलं पाइपचं विद्युत विभव उणे ८५० मिलिव्होल्ट किंवा त्याहून अधिक उणे.