अमेरिकेतल्या हायस्कूलचा हेल्थ सायन्स प्रोग्रॅम: प्रवेश, कागदपत्रं आणि काही पक्के गैरसमज

अमेरिकेत सरकारी हायस्कूलमधला हेल्थ सायन्स हा 'करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन'चा, म्हणजे सीटीई या व्यवसायाभिमुख शिक्षणाचा भाग. आपल्या पालकांमध्ये त्याबद्दल दोन मतं ऐकू येतात: हा डॉक्टर होण्याचा जवळचा रस्ता आहे, किंवा हा कॉलेजला न जाणाऱ्या मुलांसाठी आहे. दोन्ही चूक. मेडिकल स्कूलसाठी पुढे पदवीचा अभ्यास आणि एमकॅट ही प्रवेश परीक्षा बहुतेकांना चुकत नाही. आणि वेळापत्रकात बसलं तर हेल्थ सायन्सबरोबर एपी बायोलॉजीही (कॉलेजच्या पातळीचा जीवशास्त्राचा कोर्स) घेता येतं.

प्रवेशाचे नियम प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टचे वेगळे. काही शाळांत हा साधा निवडीचा विषय असतो. आठवीत पुढच्या वर्षाचे विषय निवडताना काउन्सेलरला सांगितलं की झालं. मॅग्नेट शाळा (एखाद्या खास विषयावर भर देणारी सरकारी शाळा) किंवा सीटीई सेंटर असेल तर वेगळा अर्ज, पत्त्याचा पुरावा, ट्रान्सक्रिप्ट (आधीच्या वर्गांतल्या ग्रेड्सची नोंद), कधी निबंध आणि शिक्षकांचं शिफारसपत्र. सगळ्या विषयांत 'ए' हवाच, असं सरसकट नसतं. हजेरी मात्र अनेक ठिकाणी बारकाईने बघतात. व्हिसाची धास्ती घेऊ नका. १९८२च्या 'प्लायलर विरुद्ध डो' निकालामुळे सरकारी शाळा इमिग्रेशन स्टेटसवरून प्रवेश नाकारू शकत नाही.

प्रोग्रॅम संपला की सर्टिफिकेट हातात, हेही खरं नाही. नर्सिंग असिस्टंट, म्हणजे सीएनएसाठी केंद्रीय नियमानुसार किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं, त्यात १६ तास देखरेखीखालचं प्रात्यक्षिक. बरीच राज्यं याहून जास्त तास मागतात. त्यानंतर लेखी आणि कौशल्याची परीक्षा वेगळी. तिची फी शाळा भरते की घर, हे आधीच विचारा.

खरी अडचण मार्कांची नसतेच, ती क्लिनिकलच्या, म्हणजे पेशंटसोबतच्या प्रात्यक्षिकाच्या कागदांची असते. पेशंटजवळ जायची वेळ सहसा अकरावी-बारावीत येते, आणि तेव्हा नियम शाळेपेक्षा हॉस्पिटल किंवा नर्सिंग होमचे चालतात: लसींची नोंद, टीबी चाचणी, सीपीआर (हृदय बंद पडल्यावरचा प्रथमोपचार) शिकल्याचं कार्ड, पालकांची सही, काही ठिकाणी ड्रग टेस्टसुद्धा. भारतात जन्मलेल्या मुलांना इथे दोन गोष्टी नडतात. एक, कांजिण्यांची लस भारतातल्या सरकारी लसीकरणात नाही. तेरा वर्षांवरच्या मुलांना तिचे दोन डोस किमान चार आठवड्यांच्या अंतराने घ्यावे लागतात. हिपॅटायटिस बी राहिली असेल तर नेहमीच्या तीन डोसांना सहा महिने जातात, म्हणून दहावीतच लसींचं कार्ड तपासलेलं बरं. दुसरी गोष्ट बीसीजीची. त्या लसीमुळे त्वचेवरची टीबी चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताची आयजीआरए चाचणी चालेल का, हे डॉक्टरांना आणि शाळेला विचारून घ्या. ती कांजिण्यांच्या लसीच्याच दिवशी करा, नाहीतर निदान चार आठवडे थांबा. आणि जुन्या कार्डाची प्रत देताना महिना अक्षरांत लिहून घ्या: आपली ५ मार्च (५/३) अमेरिकेत ३ मे वाचली जाते, आणि डोसांमधलं अंतर कमी दिसून कागद परत येतो.