सुपरचार्जरची गाडी इथेनॉलवर आणताना

सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंप, आणि बूस्ट म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा वरचा दाब. 30 अंश सेल्सिअसची हवा सुपरचार्जरने 0.7 बार बूस्टपर्यंत दाबली, की बाहेर पडताना ती 110 अंशांच्या आसपास तापलेली असते. इंटरकूलर त्यातली बरीच उष्णता काढून घेतो, सगळी नाही. उरलेली सिलिंडरमध्ये जाते आणि घोटाळा तिथे होतो. ठिणगीने लागलेली ज्योत पोहोचायच्या आधीच कडेचं पेट्रोल-हवेचं मिश्रण आपोआप भडकतं. हेच नॉकिंग. ते टाळायला पेट्रोलवर ठिणगी मुद्दाम उशिरा द्यावी लागते आणि वरून जास्तीचं पेट्रोल ओतावं लागतं. एवढी मेहनत करून भरलेल्या हवेतून जितकी ताकद निघायला हवी, तितकी निघत नाही.

इथेनॉल नेमकं इथे कामाला येतं. एक किलो पेट्रोलची वाफ व्हायला साधारण 350 किलोज्यूल उष्णता लागते, एक किलो इथेनॉलला जवळजवळ 900. शिवाय तेवढ्याच हवेला इथेनॉल घालावंही जास्त लागतं. एक किलो हवेमागे हिशोब केला तर पेट्रोल सुमारे 24 किलोज्यूल उष्णता ओढून घेतं, शुद्ध इथेनॉल सुमारे 100. एक किलो हवा एका अंशाने थंड करायला साधारण एक किलोज्यूल काढावा लागतो, म्हणजे कागदावर ही हवा शंभर अंशांनी खाली यायला हवी. प्रत्यक्षात तेवढी येत नाही, कारण बरंचसं इंधन व्हॉल्व्हच्या पाठीवर आणि पोर्टच्या भिंतीवर पडून तिथलीच उष्णता घेतं. तरी पेट्रोलच्या मानाने मिश्रण चांगलंच थंड राहतं. त्यात शुद्ध इथेनॉलचा रिसर्च ऑक्टेन क्रमांक, म्हणजे नॉकिंगला दाद न देण्याचं माप, 108 च्या घरात आहे.

लिटरमागे ऊर्जा मात्र कमी. पेट्रोलमध्ये लिटरला साधारण 32 मेगाज्यूल, इथेनॉलमध्ये 21. मग ताकद वाढते कुठून? इंजिनाची ताकद ठरते ती त्यात किती हवा शिरते यावर, आणि एक किलो हवेबरोबर जळून दोन्ही इंधनं जवळपास सारखीच, तीन मेगाज्यूलच्या आतबाहेर ऊर्जा देतात. इथेनॉलवर तीच ऊर्जा योग्य क्षणी ठिणगी देऊन घेता येते, एवढाच फरक. पण तो सुपरचार्जरच्या इंजिनात मोठा ठरतो.

टाकीत नुसतं ई85 ओतलं तर

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला 14.7 किलो हवा लागते, ई85 ला (नावाप्रमाणे 85 टक्के इथेनॉल, बाकी पेट्रोल) साधारण 9.8 आणि शुद्ध इथेनॉलला 9. घनतेतला फरक धरला तर त्याच हवेसाठी ई85 आकारमानाने 40 टक्क्यांहून थोडं जास्त द्यावं लागतं. सावकाश चालवताना ईसीयू (इंजिनाचा संगणक) एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघून इंधन वाढवत जातो, पण त्याच्या दुरुस्तीलाही मर्यादा असते. बहुतेक गाड्यांत ती 25 टक्क्यांच्या आसपास संपते आणि इंजिनाचा दिवा लागतो.

खरा धोका त्याच्या पुढे आहे. पाय पूर्ण दाबला की बऱ्याच गाड्यांत ईसीयू सेन्सरकडे बघणं सोडतो आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे इंधन देतो. लॅम्डा म्हणजे इंधन पूर्ण जळायला लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा आहे ते; 1 च्या खाली इंधन जास्त, वर हवा जास्त. तो तक्ता पेट्रोलसाठी लॅम्डा 0.80 वर बांधलेला असेल, तर ई85 वर तोच लॅम्डा 1.1 च्या पुढे जातो. म्हणजे भर बूस्टमध्ये मिश्रण लीन, इंधनाला कमी. अशा वेळी पिस्टनचा माथा वितळायला फार वेळ लागत नाही. म्हणून या कामात ताकदीचा विचार सर्वांत शेवटी येतो. आधी इंधनाची वाट मोठी करायची.

इंजेक्टर आणि पंप

चार सिलिंडरचं, 300 हॉर्सपॉवरचं इंजिन घेऊ. पूर्ण भारावर सुपरचार्जरचं इंजिन पेट्रोलवर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण 280 ग्रॅम इंधन घेतं. तासाला 84 किलो, म्हणजे सुमारे 113 लिटर. चार इंजेक्टरांत (इंधन फवारणाऱ्या तोट्यांत) वाटून आणि इंजेक्टर 85 टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही असं धरून प्रत्येकी मिनिटाला 550 घनसेंटिमीटर पुरतात. ई85 वर तोच आकडा हॉर्सपॉवरमागे 410 ग्रॅम धरावा. तासाला 123 किलो, 158 लिटर, आणि इंजेक्टर प्रत्येकी 775 चा. हवामानाचा आणि इंधनातल्या चढउताराचा विचार करून 850 च्या आसपासचा घ्यावा. त्याहून फार मोठा घेण्यात शहाणपण नाही. मोठ्या इंजेक्टरला आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) इतका थोडा वेळ उघडावं लागतं की त्याची अचूकता ढासळते. इंजेक्टर घेताना वेगवेगळ्या व्होल्टेजवरच्या डेड टाइमचा तक्ता बरोबर मागून घ्या. हुकूम मिळाल्यापासून इंजेक्टर खरोखर उघडेपर्यंतचा हा वेळ ईसीयूमध्ये चुकीचा भरला, तर आयडल कधीच नीट बसत नाही आणि माणूस दोष इथेनॉलला देत राहतो.

पंपाच्या खोक्यावरचे लिटर कोणत्या दाबाला आणि किती व्होल्टला मोजलेत ते आधी वाचावं. आपल्या उदाहरणात रेलमध्ये (इंजेक्टरांना इंधन वाटणाऱ्या नळीत) 3 बार मूळ दाब आणि वर 0.7 बार बूस्ट, म्हणजे पंपाला 3.7 बारविरुद्ध 158 लिटर ढकलायचे आहेत. दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो, व्होल्टेज पडलं की आणखी घटतो. तासाला 255 लिटरचा पंप कागदावर पुरतो, पण जुन्या बारीक वायरीवर 12 व्होल्टच पोहोचत असतील तर शिल्लक फारशी उरत नाही. 340 चा पंप, त्याला बॅटरीवरून थेट 4 चौरस मिलिमीटरची वायर, स्वतंत्र रिले, फ्यूज आणि तितकीच जाड अर्थची वायर, अशी जोडणी करावी. टाकीच्या आतली कनेक्शनं बंदिस्त हवीत. पेट्रोलच्या मानाने इथेनॉलमधून वीज सहज वाहते, त्यामुळे उघडी टर्मिनलं हळूहळू गंजून झिजतात.

प्रेशर रेग्युलेटरला मॅनिफोल्डची (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाची) नळी जोडलेली असलीच पाहिजे, म्हणजे बूस्ट जितका वाढेल तितकाच इंधनाचा दाब वाढेल. ती नसेल तर 0.7 बार बूस्टला इंजेक्टरच्या दोन टोकांमधला दाब 3 वरून 2.3 बारवर येतो आणि प्रवाह 12 टक्क्यांनी पडतो, तोही नेमका सर्वांत जास्त गरज असताना.

नळ्या, फिल्टर, टाकी

साधी रबरी नळी, कॉर्कचं पॅकिंग, जस्त, शिसं, मॅग्नेशियम आणि उघडं अ‍ॅल्युमिनियम इथेनॉलसमोर टिकत नाहीत. टेफ्लॉन, नायलॉन, स्टेनलेस स्टील आणि व्हायटनचे ओ-रिंग टिकतात. टाकीबाहेर टेफ्लॉनची किंवा आतून व्हायटनचा थर असलेली नळी घ्यावी. टाकीच्या आत पंपाला जोडणारा बोटभर तुकडा मात्र बुडून राहण्यासाठी बनवलेलाच हवा. अशा नळीवर आर10 असं छापलेलं असतं. बाहेरची चांगली आर9 नळी आत वापरली तर तिचं बाहेरचं आवरण इंधन पिऊन फुगतं, क्लॅम्पखाली मऊ पडतं आणि एक दिवस चिरतं. मग पंप नेहमीसारखा घुमत असतो, पण रेलमध्ये दाब चढत नाही, आणि लोक पंप बदलत बसतात.

कागदी फिल्टरऐवजी 10 मायक्रॉनचा स्टेनलेस जाळीचा फिल्टर लावावा. इथेनॉल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा मळ आणि चिकट थर सोडवतं आणि तो सगळा फिल्टरवर येऊन बसतो. त्यामुळे पहिला फिल्टर दोन-तीनशे किलोमीटरनंतर उघडून बघावाच.

टाकीत नक्की काय आहे?

पाटीवर ई85 लिहिलेलं असलं तरी आत 85 टक्के इथेनॉल असेलच असं नाही. अमेरिकेतल्या मानकानुसार 51 ते 83 टक्क्यांपर्यंत काहीही चालतं, आणि थंडीत मुद्दाम पेट्रोल वाढवतात. घरी तपासायचं तर 100 मिलीची मोजनळी घ्या. 50 मिली पाणी आणि 50 मिली इंधन घालून झाकण लावा, हलवा, पाच मिनिटं उभी ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं, पेट्रोल वर तरंगतं. खालचा थर 90 मिलीवर आला तर 40 मिली इथेनॉल, म्हणजे 80 टक्के. पाणी आणि इथेनॉल मिसळल्यावर दोघांचं मिळून आकारमान थोडं आकसतं, म्हणून खरा आकडा यापेक्षा काही टक्क्यांनी जास्त असतो.

रोजच्या वापराला फ्लेक्स-फ्युएल सेन्सर हवाच. विद्युत गुणधर्मांवरून तो मिश्रण ओळखतो: इथेनॉलचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक 24 च्या आसपास, पेट्रोलचा 2 च्या. नेहमीचा तीन वायरींचा सेन्सर 50 हर्ट्झ दाखवतो तेव्हा इथेनॉल शून्य, 150 ला शंभर टक्के. आलेल्या आकड्यातून 50 वजा केले की टक्केवारी मिळते. 180 च्या वरचा आकडा आला तर इंधनात पाणी किंवा घाण समजावी. बारीक तोटीचा सेन्सर पुरवठ्याच्या नळीत बसवून तिथेच प्रवाह अडवू नये. परतीच्या नळीत बसवला तर ही अडचण येत नाही.

ठिणगी आणि ट्युनिंग

प्लग मूळपेक्षा एक श्रेणी थंड (टोकाची उष्णता लवकर सोडणारा), बूस्ट फार असेल तर दोन. गॅप 0.6 ते 0.7 मिलिमीटर. नॉकिंगला दाद न देणारं इथेनॉल तापलेल्या पृष्ठभागाला मात्र हळवं असतं; लालबुंद प्लगचं टोक किंवा कार्बनचा खडा त्याला ठिणगीच्या आधीच पेटवू शकतो.

पहिलं ट्युनिंग मूळ पुलीवर, मूळ बूस्टवर करावं. सुपरचार्जर जास्त वेगाने फिरवून बूस्ट वाढवणारी लहान पुली बसवायची घाई इथे महागात पडते. वाइडबँड मीटर (एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणारा) लॅम्डामध्ये वाचायची सवय लावा, कारण पेट्रोलच्या पट्टीवरचा मीटर इंधन कोणतंही असलं तरी लॅम्डा 1 ला 14.7 च दाखवतो. त्यावर 11.8 दिसलं तर लॅम्डा 0.80 आहे, ई85 चं खरं प्रमाण त्या वेळी 7.8 असतं. इंधनाच्या तक्त्याला 1.4 ने गुणून सुरुवात करा. आधी स्टार्ट आणि आयडल, मग गरम होतानाचं मिश्रण, मग सावकाश चालणं. एकदम पाय दिल्यावर लागणारं जास्तीचं इंधनही वाढवावं लागतं, कारण पोर्टच्या भिंतीवर इथेनॉल जास्त साचून राहतं. हे सगळं बसल्यावरच बूस्टमध्ये जायचं, लॅम्डा 0.80 ते 0.83 ठेवून. प्रत्येक वेळी इंधनाचा दाब, इंजेक्टरचा उघडा वेळ आणि लॅम्डा यांची नोंद घ्या. वरच्या आरपीएमला रेलमधला दाब अर्धा बार जरी घसरला, तरी तिथेच थांबून पंप आणि वायर तपासा. बूस्टमध्ये लॅम्डा 0.90 च्या वर गेला की इंजिन आपोआप बंद पाडायची सोय ईसीयूत असेल तर ती चालू ठेवाच.

ठिणगीचं टायमिंग वाढवताना, म्हणजे ठिणगी आणखी लवकर देताना, सर्वांत जास्त सांभाळावं लागतं. पेट्रोलवर जरा जास्त झालं की नॉकिंगचा टणटण आवाज येतो आणि हात आखडता घेता येतो. इथेनॉलवर हा इशारा जवळजवळ येतच नाही. टायमिंग गरजेपेक्षा पुढे गेलं तरी इंजिन शांतपणे चालत राहतं, फक्त पिस्टन वर येत असतानाच त्याच्यावर दाब चढू लागतो. टॉर्क वाढत नाही. गॅस्केट, कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगवरचा भार मात्र वाढतो. म्हणून डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) एकेक अंश वाढवायचं आणि कानाऐवजी टॉर्कच्या आकड्यावर विसंबायचं. एका अंशाने टॉर्क वाढला नाही की दोन अंश मागे यायचं. हेड गॅस्केट फुटून पाणी सिलिंडरमध्ये गेलेल्या इंजिनांमागे बरेचदा हाच शेवटचा, काहीही न देणारा अंश असतो.

रोजच्या वापरात

इथेनॉलची ज्वलनशील वाफ साधारण 13 अंशांच्या वरच पुरेशी तयार होते, त्यामुळे थंड सकाळी गाडी रडते. स्टार्टरच्या वेळचं इंधन पेट्रोलच्या दुप्पट-तिप्पट करावं लागू शकतं. पण प्लग भिजले तर सुटका नाही, म्हणून ते टप्प्याटप्प्याने वाढवा. न जळलेलं इंधन रिंगांवरून तेलात उतरतं. इथेनॉल 78 अंशांना उकळतं, म्हणून तेल नीट तापेल इतका वेळ गाडी चालली तर ते उडून जातं. रोज दोन-तीन किलोमीटरच जाणाऱ्या गाडीत तेलाच्या झाकणाखाली दुधाळ, साईसारखा थर दिसू लागतो. तो दिसला की तेल बदलायचं, आणि एरवीही मुदत निम्मी धरायची. अ‍ॅव्हरेज चौथा हिस्सा तरी कमी होतं.

शुद्ध इथेनॉलची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही आणि साधा फेस तिच्यावर टिकत नाही. गाडीत कोरड्या पावडरचा अग्निशामक ठेवा.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत इथेनॉल ठेवू नका. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि इंजेक्टरच्या तोंडाशी तपकिरी चिकट थर धरतो. फ्लेक्स सेन्सर असलेल्या गाडीत इथेनॉल संपत आलं की पेट्रोल भरायचं, सेन्सरचा आकडा 20 टक्क्यांखाली येईपर्यंत गाडी फिरवायची आणि मग उभी करायची.